पोर्तुगालच्या वाईन्स: पोर्टच्या पलीकडे काय प्यायचं आणि कशासोबत

पोर्तोकर:

पोर्तुगाल फिरायला येणारे ओळखीचे लोक हल्ली फार वाढलेत आणि निघायच्या आधी सगळ्यांचा एकच मेसेज, पोर्ट (इथली ती गोड, दारू मिसळलेली वाईन) कुठली घ्यायची. पोर्टशी माझं काही वाकडं नाही, पण इथली माणसं रोज पोर्ट पीत नाहीत हो. रोजच्या जेवणात साधी लाल किंवा पांढरी वाईन असते. दुपारी गल्लीतल्या खाणावळीत बसलात तर सूप, पाव, मासा नाहीतर मटण आणि सोबत वाईनचा छोटा जग येतो, द्राक्ष कुठलं वगैरे चौकशी कोणी करत नाही. त्या वाईनबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही म्हणून जरा पसरट लिहितोय, सांभाळून घ्या.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पोर्तुगीज वाईन गप्पा मारत नुसती प्यायची चीज नाही. नुसती प्यायलात तर पांढरी आंबट लागेल, लाल तुरट लागेल आणि तुम्ही म्हणाल यापेक्षा ऑस्ट्रेलियाची बरी. ताटासोबत घ्या, आणि जमलं तर ज्या भागातली वाईन त्याच भागातल्या जेवणासोबत घ्या, मग तो आंबटपणा आणि तुरटपणा कशासाठी आहे ते कळतं.

उत्तरेकडून सुरुवात करू. मिन्यो हा अगदी वायव्येचा भाग, ग्रॅनाईटची जमीन, पाऊस भरपूर, सगळं हिरवंगार. इथली विन्यो व्हेर्द. वेली पूर्वी झाडांवर आणि उंच मांडवांवर चढवायचे, खाली भाजीपाला लावायचे, अजूनही जुन्या घरांत तसे मांडव दिसतात. वाईन हलकी, अल्कोहोल साधारण ९ ते ११.५ टक्के, जिभेवर बारीकशी चुरचुर असते (स्वस्त बाटल्यांत हा गॅस वरून घालतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही), लिंबू-हिरव्या सफरचंदाचा स्वाद. जूनमध्ये पोर्तोत सेंट जॉनची जत्रा असते, २३ तारखेच्या रात्री रस्तोरस्ती कोळशावर तार्ली भाजतात, खारट, तेलकट, बोटांनी खायची, त्या तार्लीसोबत थंडगार विन्यो व्हेर्द घ्यायची. मासळीचं तेल ती असं काही धुऊन काढते की पुढची तार्ली पहिल्यासारखीच लागते. लोरेरो नावाच्या द्राक्षाची असली तर फुलांचा वास येतो. त्याच भागात अगदी स्पेनच्या सीमेवर मोन्सांव आणि मेल्गासो ही दोन गावं आहेत, तिथली आल्व्हारिन्यो द्राक्षाची वाईन मात्र वेगळी, जरा भारदस्त, १३ टक्क्यांच्या आसपास, पीच आणि संत्र्याच्या सालीसारखी, ती खेकडे-कोळंबीसोबत.

आणि लोकांना माहीत नसतं पण विन्यो व्हेर्द लालही असते. विन्यांव नावाच्या द्राक्षाची, रंग जांभळा-काळा, दात रंगतात, चव आंबटढाण. ती काचेच्या ग्लासात नाही तर पांढऱ्या चिनीमातीच्या वाडग्यात पितात. वसंतात लँप्रे नावाचा सापासारखा मासा त्याच्याच रक्तात शिजवून भातासोबत खातात तेव्हा हीच लागते. पाहुण्यांना मी मुद्दाम ही देतो आणि चेहरे बघत बसतो.

तिथून पूर्वेला दोउरोचं खोरं. पोर्टचं माहेर, पण गेल्या काही दशकांत त्याच द्राक्षांपासून केलेली साधी लाल वाईनही जोरात आहे. डोंगर पाटीच्या दगडाचे, उभे उतार फोडून पायऱ्या केल्यात, उन्हाळ्यात भट्टी आणि हिवाळ्यात कडाका. तुरीगा नासिओनाल, तुरीगा फ्रांका, तिंता रोरीझ ही तिथली नेहमीची नावं. जुन्या मळ्यांत वीस-तीस जातींच्या वेली सरमिसळ लावलेल्या असतात, सगळं एकत्र तोडायचं, एकत्र कुस्करायचं. म्हणून बाटलीवर एका द्राक्षाचं नाव शोधत बसू नका, इथे मिश्रण हीच रीत आहे. देशात स्थानिक जाती अडीचशेच्या वर आहेत, पाठ कोण करणार. दोउरोची लाल वाईन बकरीचं मटण भट्टीत भाजतात त्याच्यासोबत.

खाली दाऊं, परत ग्रॅनाईट, चहूबाजूंनी डोंगर, पाईनची जंगलं. इथली लाल वाईन दोउरोपेक्षा सडपातळ आणि माझी सगळ्यात आवडती. पांढऱ्यात एंक्रुझादो नावाचं द्राक्ष आहे, पाच-सहा वर्षं ठेवली तरी छान राहते. जवळच सेरा दा एश्त्रेला डोंगर, तिथलं मेंढीच्या दुधाचं चीज वरून कापून चमच्याने खातात इतकं मऊ असतं.

दाऊंच्या पश्चिमेला समुद्राकडे बैरादा, तिथल्या द्राक्षाचं नाव बागा (गोव्याचा बीच नव्हे). त्याची लाल वाईन कोवळी असताना तुरट इतकी की कच्चं जांभूळ खाल्ल्यागत, दहा वर्षांनी तीच सुंदर. मेआल्यादा गावात हायवेला लागून दुकानंच दुकानं आहेत, तिथे दूधपित्या डुकराचं पिल्लू लसूण-मिरी-चरबी चोळून लाकडाच्या भट्टीत भाजतात, कातडी पापडासारखी फुटते. आणि त्यासोबत तिथली माणसं बहुतेक वेळा लाल नाही, बैरादाचीच फसफसणारी वाईन पितात. चरबीवर बुडबुडे, एकदा खाऊन बघाच.

दक्षिणेत अलेंतेझो. सपाट, तापलेलं, बाटलीच्या बुचाच्या झाडांचं आणि ऑलिव्हचं. वाईन पिकलेल्या फळांची, मऊ, पहिल्या घोटात आवडणारी, म्हणून सुपरमार्केटात सगळ्यात जास्त हीच दिसते. चार-पाच युरोत व्यवस्थित बाटली मिळते. तिकडे डुकराचं मांस आणि शिंपल्या एकत्र शिजवतात, वर भरपूर कोथिंबीर, ऐकायला विचित्र वाटतं पण ही वाईन दोन्ही बाजू सांभाळते.

दमलो. पोर्ट आणि मदेइराबद्दल (त्याच नावाच्या बेटावरची वाईन) कोणी विचारलं तर लिहीन.

वरणफळं:

मस्त धागा. मीच विचारते मग. पोर्टमध्ये रुबी, टॉनी, एलबीव्ही, व्हिंटेज असं काय काय असतं ते कळेल असं सांगा ना, दुकानात गेलं की गोंधळ होतो आणि मग लेबल बघून घेतली जाते.

पोर्तोकर:

@वरणफळं, आधी पोर्ट बनते कशी ते बघा म्हणजे बाकीचं आपोआप कळतं. द्राक्षांचा रस आंबायला लागतो, दोन-तीन दिवसांत साखर अर्धीअधिक शिल्लक असतानाच त्यात ७७ टक्क्यांची द्राक्षाची दारू ओततात, जुन्या हिशोबाने ५५० लीटरच्या पिंपात ४३५ लीटर रस आणि ११५ लीटर दारू. यीस्ट मरतं, साखर तशीच राहते, म्हणून पोर्ट गोड आणि १९ ते २२ टक्क्यांची.

आता पुढे दोन घराणी. एक घराणं लाकडाच्या छोट्या पिंपात वर्षानुवर्षं राहतं, लाकडातून हवा लागत राहते, रंग उडून विटकरी होतो, चव अक्रोड, अंजीर, कॅरमल अशी होते, ती टॉनी. लेबलवर १०, २०, ३०, ४० वर्षं लिहिलेलं असतं. एकाच सालची टॉनी असेल तर तिला कुल्येइता म्हणतात, ती किमान सात वर्षं लाकडात. दुसरं घराणं हवेपासून जपलेलं, ते लालभडक आणि फळांच्या चवीचं राहतं. त्यात रुबी सगळ्यात साधी, एलबीव्ही (लेट बॉटल्ड व्हिंटेज) एका सालची आणि चार ते सहा वर्षांनी बाटलीत भरलेली, आणि व्हिंटेज म्हणजे फक्त चांगल्या सालची, दोन-तीन वर्षांत बाटलीत जाते आणि मग बाटलीतच वीस-तीस वर्षं काढते. व्हिंटेज दर वर्षी जाहीर होत नाही, २०११, २०१६, २०१७ ही अलीकडची गाजलेली.

घरी न्यायला माझं उत्तर नेहमी एकच, २० वर्षांची टॉनी. व्हिंटेज घेऊन गेलात तर गाळ गाळायचा आणि उघडल्यावर एक-दोन दिवसांत संपवायची, कोण करतंय. टॉनी थोडी गार करून प्यायची, फ्रीजमध्ये महिनाभर आरामात टिकते.

फोंडेकार:

पोर्तोकर, छान लिवलंय. गोंयच्या लोकांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. आमच्याकडे दुकानात जी स्वस्त गोड पोर्ट वाईन मिळते ती इथेच बनते, दोउरोशी तिचा काही संबंध नाही, पर्यटक ती घेऊन जातात आणि मग म्हणतात पोर्ट म्हणजे खोकल्याचं औषध. नाताळाला केकात घालायला ठीक.

जोडीचं म्हणाल तर टॉनी आणि बेबिंक, डोळे झाकून. नारळाचा रस, अंड्याचा बलक, तूप, साखर आणि थर भाजताना येणारा तो किंचित करपट वास, हे सगळं टॉनीत आधीपासूनच असतं. दोदोलसोबत पण चालते पण तिथे गूळ फार पुढे येतो.

विंदालूचं मात्र कठीण. मदेइरात नाताळाला डुकराचं मांस वाईन, व्हिनेगर, लसूण, तमालपत्र यांत मुरवून करतात, आमचं विंदालू त्याच कुळातलं, पण आम्ही माडाच्या सुरेचं व्हिनेगर आणि वर सुक्या मिरच्या घातल्या. तिकडच्या मूळ पदार्थावर लाल वाईन जाते म्हणून इकडच्यावर पण जाईल असं नाही. तिखट आणि आंबट दोन्ही असल्यावर तुरट वाईन कडू लागते.

सुक्कं_बोंबील:

फोंडेकारांना अनुमोदन. तिखटाचं गणित सोपंय, अल्कोहोल जास्त असेल तर मिरची अजून जाळते, तुरटपणा असेल तर अजून वाईट, आणि थोडी साखर असेल, वाईन थंड असेल, तर बरं वाटतं. म्हणून मालवणी जेवणासोबत दोउरोची १४ टक्क्यांची लाल बाटली उघडणारे लोक बघितले की मला वाईट वाटतं, बाटलीचं पण आणि रश्शाचं पण. बोंबील फ्राय, कोळंबी फ्राय, मांदेली, म्हणजे रवा लावून तळलेलं काहीही, त्याला साधी विन्यो व्हेर्द, थोडी गोडसर बाजूची. तिसऱ्यांच्या सुक्क्याला आल्व्हारिन्यो. कोल्हापुरी पांढऱ्या रश्श्यासोबत मी एंक्रुझादो घेतली होती, नारळ-काजू-खसखशीचा दाटपणा आणि तिचा लोण्यासारखा पोत छान जमला. तांबड्या रश्श्याला बीअर. किंवा ताक.

अलिप्त:

दर दोन दिवसांनी दारूचा एक धागा. छान चाललंय.

वरणफळं:

@अलिप्त, मिसळीचे तर रोज चार निघतात, तेव्हा नाही बोललात :)

केळफूल:

शाकाहारी माणसाने काय करायचं ते पण लिहा हो. नवरा सगळं खातो, मी नाही. लिस्बनला जाणार आहोत, सप्टेंबरात. सगळीकडे डुक्कर आणि मासेच दिसतायत वर.

पोर्तोकर:

@केळफूल, खरंय, पारंपरिक खाणावळीत शाकाहारी माणसाचे हाल होतात, काल्दो व्हेर्द नावाचं बटाटा आणि हिरव्या पाल्याचं सूप असतं त्यातसुद्धा सॉसेजची चकती तरंगत असते, आधी सांगून काढायला लावायची. पण अंडं चालत असेल तर अलेंतेझोची आसोर्दा मागवा. कोथिंबीर, लसूण आणि जाडं मीठ खलबत्त्यात ठेचतात, ऑलिव्ह तेल, वर उकळतं पाणी, शिळा पाव आणि अंडं. विचारून घ्या की पाणी साधं आहे, माशाचं नाही. वास आला की घरी असल्यासारखं वाटेल. त्याच्यासोबत अलेंतेझोचीच पांढरी, आंताओं व्हाझ द्राक्षाची.

आणि तुमच्यासाठी खास गंमत म्हणजे इथली बरीच मोठी चीजं प्राणिज रेनेट (दूध विरजायचा पदार्थ) वापरत नाहीत. सेरा दा एश्त्रेला आणि लिस्बनजवळचं आझैतांव, दोन्ही मेंढीच्या दुधाची, आणि दूध विरजतात एका काटेरी रानफुलाच्या स्त्रीकेसरांनी. त्यानेच ती किंचित कडवट चव येते. आझैतांवच्या शेजारीच सेतूबल, तिथली मोश्कातेल ही गोड वाईन, पोर्टसारखीच दारू घालून थांबवलेली, मग द्राक्षांच्या साली काही महिने तशाच ठेवतात, संत्र्याच्या सालीचा आणि मधाचा वास येतो. ते चीज आणि ही वाईन, बास. वाईन स्वच्छ करायला कधीकधी अंड्याचा पांढरा बलक किंवा जिलेटिन वापरतात, कडक पाळत असाल तर लेबलवर व्हीगन लिहिलेली बघून घ्या.

थेम्सकाठी:

मदेइराबद्दल कोणी लिहीत नाहीये म्हणून मीच लिहितो, कारण माझ्या मते पोर्तुगालची सगळ्यात थोर वाईन तीच, पोर्टवाल्यांनी रागवू नये.

मदेइरा बेट अटलांटिकमध्ये, आफ्रिकेच्या जवळ. जुन्या काळी भारताकडे किंवा अमेरिकेकडे जाणारी गलबतं तिथे थांबून पिंपं भरून घ्यायची. उष्ण कटिबंधातून जाताना तळातली पिंपं महिनोन्महिने तापायची, हलायची. वाईन खराब व्हायला हवी होती, पण जी न विकता परत आली ती आधीपेक्षा चांगली निघाली. मग व्यापारी मुद्दाम पिंपं भारताच्या फेरीवर पाठवायला लागले, अशा फिरून आलेल्या वाईनला वेगळा भाव होता. पुढे जहाजाचा खर्च कशाला म्हणून बेटावरच तापवायला लागले. स्वस्त वाईन टाक्यांत ४५ ते ५० अंशांवर तीन महिने, आणि चांगली वाईन पिंपांत भरून उन्हाने तापलेल्या माळ्यांवर, कित्येक वर्षं.

एवढे हाल झाल्यावर तिचं अजून बिघडायचं काही उरतच नाही. उघडलेली बाटली कपाटात महिने राहते. एकोणिसाव्या शतकातल्या बाटल्या लोक आजही उघडून पितात आणि त्या जिवंत असतात. १७७६ मध्ये अमेरिकेने स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला तेव्हा प्याले मदेइराचेच उंचावले असं सांगतात.

चार द्राक्षं लक्षात ठेवा, कोरडीपासून गोडीकडे: सेर्सियाल, व्हेर्देल्यो, बुआल, माल्व्हासिया. कितीही गोड असली तरी मागून आंबटपणाची अशी चपराक येते की चिकट वाटतच नाही. सेर्सियाल खारे बदाम आणि सुपासोबत. व्हेर्देल्यो मी मशरूम पुलावासोबत घेतो. आणि बुआल आपल्या फराळाबरोबर, खोटं नाही सांगत, अनारसे आणि बुआल एकदा घेऊन बघा, खसखस आणि तूप आणि ती भाजलेल्या सुकामेव्याची चव. श्रीखंडावर मात्र काहीच जात नाही, सगळं करून झालंय.

फोंडेकार:

अनारसे आणि मदेइरा! दिवाळीक करून पळयतां.

झारापकर:

एक मुद्दा राहिला, बाकल्याव. सुकवलेला खारा कॉड हा त्यांचा राष्ट्रीय पदार्थ म्हणता येईल, आणि मासा तरी त्यांच्या समुद्रातला नाही, बराचसा नॉर्वेहून येतो. सगळी वाईनची पुस्तकं सांगतात माशाला पांढरी, पण मी लिस्बनमध्ये काम करत होतो तेव्हा ऑफिसातले सगळे बाकल्यावसोबत लालच घ्यायचे. पोर्तोकर काय म्हणतात?

पोर्तोकर:

लाल. यावर इथे भांडणं होतात पण मी लालवाल्यांत. बाकल्यावला ताज्या माशासारखं समजूच नका. मिठात मुरून सुकून त्याचा पोत मांसासारखा होतो, मग तो लसूण आणि ऑलिव्ह तेलात भाजतात, त्याच्यापुढे हलकी पांढरी उभी राहत नाही. जुनी दाऊं किंवा जुनी बैरादा, जिचा तुरटपणा बसलाय, ती घ्यायची. बाकल्याव आ ब्राश म्हणजे बारीक बटाट्याच्या काड्या आणि अंड्यात परतलेला असेल तर मात्र पांढरी, अंड्यासोबत लाल वाईन धातूसारखी लागते. क्रीमवाल्या बाकल्यावला पिंपात ठेवलेली पांढरी.

फ्रांसेझिन्या खाणार असाल, म्हणजे पोर्तोचं ते चीज आणि सॉसमध्ये बुडालेलं सँडविच, तर वाईनच्या भानगडीत पडू नका, सॉसमध्येच बीअर असते, बीअरच घ्या.

वरणफळं:

वर बुचाच्या झाडांचा उल्लेख आला होता, ती झाडं तोडतात का बुचासाठी?

झारापकर:

नाही नाही, फक्त साल काढतात. झाड साधारण २५ वर्षांचं झालं की पहिल्यांदा, मग दर ९ वर्षांनी, कायद्याने ठरलेलं. पहिल्या दोन वेळची साल बाटलीच्या बुचाच्या कामाची नसते, म्हणजे लावणाऱ्याच्या हयातीत चांगलं बूच मिळेलच असं नाही. साल काढल्यावर खोड तांबडं दिसतं आणि त्यावर पांढऱ्या रंगात एक आकडा रंगवतात, साल काढली त्या वर्षाचा शेवटचा अंक. अलेंतेझोतून गाडीने जाताना ९ वर्षं मिळवून पुढची पाळी कधी ते ओळखायचा खेळ पोरांना द्यायला बरा. जगातलं निम्म्याच्या आसपास बूच या एका देशातून येतं.

नोव्हेंबरात गेलात तर त्याच भागात विदिगेरा आणि व्हिला द फ्रादेश या गावांकडे जा. माणसाएवढे मातीचे रांजण, आतून पाईनच्या राळेने माखलेले, त्यात सालीसकट द्राक्षं आंबवतात. साली खाली बसल्या की तळाशी तोटी लावून काढायची, साली स्वतःच गाळणीचं काम करतात. ११ नोव्हेंबरला सेंट मार्टिनच्या दिवशी रांजण उघडतात, भाजलेल्या चेस्टनटसोबत पितात. वाईन थोडी गढूळ, मातकट, मला फार आवडली, बायकोला अजिबात नाही.

केळफूल:

धन्यवाद सगळ्यांना. शेवटचं, परत येताना किती बाटल्या आणता येतात? आणि दोउरोला एक दिवसात जाऊन येता येतं का?

पोर्तोकर:

भारतात माणशी २ लीटर ड्युटी फ्री. म्हणजे ७५० च्या दोन आणि ५०० मिलीची एक, बरोब्बर बसतं. बऱ्याच जुन्या टॉनी आणि मोश्कातेल ५०० मध्ये मिळतात. दोघे आहात तर माझ्या हिशोबाने २० वर्षांची टॉनी, एक बुआल, दोन दाऊंच्या लाल आणि दोन छोट्या मोश्कातेल. विन्यो व्हेर्द आणू नका, ती इथेच प्या, जितकी ताजी तितकी बरी.

दोउरोला पोर्तोहून ट्रेन आहे, पिन्यांवपर्यंत अडीच तासांच्या आसपास, शेवटचा बराच भाग नदीकाठाने जातो, जाताना उजवीकडची खिडकी धरा. सप्टेंबरात द्राक्षतोडणी चालू असते, काही ठिकाणी अजून दगडी हौदात पायाने तुडवतात, आधी विचारून गेलात तर बघायला मिळतं. पिन्यांवच्याही पुढे व्हालेरा म्हणून जागा आहे, आता धरणामुळे शांत झालीये, पण १८६१ मध्ये तिथल्या खळाळात दोउरोचा नकाशा काढणारा बॅरन फॉरेस्टर बुडाला. त्याच नावेत दोना आंतोनिया फेरेइरा होत्या, खोऱ्यातल्या सगळ्यात मोठ्या मळेवाल्या बाई, त्या वाचल्या. लोक सांगतात की बाईंचा घेरदार झगा पाण्यावर तरंगला आणि बॅरनला कमरेच्या पट्ट्यातल्या पैशांनी खाली ओढलं. खरं-खोटं देव जाणे.

सुक्कं_बोंबील:

विन्यो व्हेर्द आणू नका काय म्हणता, मग बोंबलाचं काय :(

पोर्तोकर:

@सुक्कं_बोंबील, तुमच्यासाठी आल्व्हारिन्योची परवानगी, ती दोन-तीन वर्षं आरामात राहते. गॅसवाली स्वस्त नको फक्त, आणि लेबलवर साल बघून घ्या.